देवळालीचा ताप

माझी मावसबहीण लीड्सला राहते. बर्फामुळे तिच्या पोरांच्या शाळेला अचानक सुट्टी मिळाली, तेव्हा तिनं व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे आरडाओरडा, काहीतरी पडल्याचा आवाज, आणि ही सांगतेय, "सकाळपासून दोघंही नुसती डूलॅली झालीयेत." मराठी वाक्यात एक इंग्रजी शब्द, आपण सगळेच बोलतो तसा. ती मूळची नाशिकरोडची. शाळेत असताना आम्ही लॅम रोडनं सायकली हाणत देवळाली कॅम्पला जायचो. मी तिला लिहिलं, "हे आपलं देवळाली आहे, माहितीये ना?" आधी हसऱ्या इमोजींची रांग आली, मग एक शब्द : "खरंच?"

खरंच. इंग्रजीतला 'डूलॅली' म्हणजे आपलं देवळाली. मध्य रेल्वेवर नाशिकरोडच्या जरा अलीकडे जे स्टेशन लागतं, तेच. ब्रिटनमध्ये आज हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक, डोकं फिरलेला. दुसरा, आनंदानं किंवा उत्साहानं चेकाळलेला. लॉटरी लागली की माणूस डूलॅली होतो, गळ्याचा पट्टा हातात घेतलेला दिसला की कुत्रं डूलॅली होतं. भारत फायनल जिंकला की आपल्या गुडलक चौकात जे होतं, त्यालाही हा शब्द चपखल बसेल.

पुण्यातल्या बहुतेकांना हा शब्द भेटला तो बिअरच्या ग्लासातून. 2009 साली पुण्यात डूलॅली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. पुढे मुंबईत तिचे टॅपरूम निघाले. माझ्या ओळखीच्या किमान तिघांना ते नाव जर्मन वाटायचं. नाव ठेवणाऱ्यांनी मात्र गंमत बरोबर साधली होती, कारण जुन्या ब्रिटिश शिपायांचा पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप' असाच होता. त्यातल्या 'टॅप'चा बिअरच्या तोटीशी काही संबंध नव्हता. तो आपला ताप होता.

1857 नंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं आणि हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढवल्या गेल्या. साठ-सत्तर हजार ब्रिटिश शिपाई कायम इथं ठेवायचे असं धोरण ठरलं. एवढी माणसं आणायची, फिरवायची, मुदत संपली की परत न्यायची, म्हणजे एक मोठं यंत्रच उभं करावं लागतं. 1860च्या दशकात ते उभं राहिलं. 1865मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातून, रेल्वे वर चढली आणि मुंबई बंदर थेट देशाशी जोडलं गेलं. त्याच सुमारास खास सैन्य वाहण्यासाठी पाच मोठी जहाजं बांधली गेली. त्यांतल्या दोघींची नावं जमना आणि मलबार. उरलेली सेरापिस, युफ्रेटीस आणि क्रोकोडाइल. 1869मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि प्रवास आणखी आखूड झाला.

या यंत्रात देवळाली बसली ती जागेमुळे. मुंबईपासून रेल्वेनं साधारण एकशे ऐंशी किलोमीटर, सह्याद्रीच्या वर, उंची अठराशे फुटांच्या आसपास, कोरडी हवा. मुंबईच्या दमट उकाड्यात गोरे शिपाई ठेवण्यापेक्षा त्यांना घाटावर आणून ठेवणं शहाणपणाचं होतं. शेजारी भगूर गाव, पुढं 1883मध्ये जिथं सावरकर जन्मले ते. तिथं माळावर बराकी उभ्या राहिल्या. विलायतेहून आलेला शिपाई आधी इथं यायचा, चार दिवस थांबायचा आणि मग पेशावर, मद्रास, रंगून, जिथं पलटण असेल तिथं जायचा. नोकरी संपलेला शिपाई उलट वाटेनं इथंच यायचा आणि जहाजाची वाट बघायचा.

गोष्ट सगळी या वाट बघण्यात आहे. सैन्याची जहाजं बारा महिने चालत नसत. उन्हाळा आणि पावसाळा टाळून, साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम. आता हिशेब करा. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तर त्याच्या नशिबी सहा महिने देवळाली. सात-आठ वर्षं परदेशात काढलेली आहेत, कागदोपत्री तुम्ही सुटलेले आहात, पण घर चार हजार मैलांहून लांब आणि जहाज दिवाळीनंतर. हातात बंदूक नाही, कारण ती पलटणीत जमा केली. काम नाही, कारण तुम्ही आता कोणाच्याच कामाचे नाही. अंगावर वर्दी मात्र आहे, आणि लष्कराची शिस्तही.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श पलटणीतला साधा शिपाई होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेला. त्यानं 1936मध्ये 'ओल्ड सोल्जर साहिब' नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलं. देवळालीत अडकलेल्या या मुदत संपलेल्या लोकांचं वर्णन त्यात आहे. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादं लांब चालणं, बाकी दिवसभर काही नाही. ज्यांच्या नावावर आख्ख्या नोकरीत एक लाल रेघ नव्हती, अशी माणसं इथं येऊन गुन्हे करून बसायची आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जायची. काहींना गुप्तरोग जडायचे आणि मग इस्पितळ. रिचर्ड्स हे सगळं कोरड्या आवाजात सांगतो. अधिकारी लोकांच्या आठवणींत शिकार, घोडे, क्लब, नोकरांच्या गमती असतात. कंटाळ्यानं माणूस कसा फुटतो, हे लिहायला शिपाईच लागला.

'टॅप' हा शब्द शिपायांनी बाजारातल्या हिंदुस्तानीतून उचलला. फारसीत 'तप' म्हणजे ज्वर, आणि संस्कृतातला 'ताप' त्याचा चुलतभाऊ. आपल्याकडे तो अजून दोन्ही कामं करतो : अंगात ताप असतो आणि डोक्यालाही ताप असतो. म्हणजे 'डूलॅली टॅप'चं सरळ मराठी 'देवळालीचा ताप'. आणि तापाचा अर्थ नुसता लाक्षणिक नव्हता. हिवताप डोक्यात गेला की माणूस बरळतो, ओळख विसरतो, अंगावर धावून येतो. मलेरिया डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला शोधलं ते 1897मध्ये. तोपर्यंत दोष हवेला. सिफिलिस वर्षानुवर्षं अंगात मुरला की शेवटी मेंदूवर जातो. त्यात दारू, त्यात ऊन. देवळालीत वेड्यांचा दवाखाना होता म्हणून शब्द आला, असं स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. शिपाई स्वतः जे कारण सांगतो, ते जास्त साधं आहे आणि जास्त भीतीदायकही : वाट बघून डोकं फिरतं.

गुप्तरोगाचा विषय आलाच आहे, तर एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण शब्दांच्या गमतीदार लेखांमध्ये ती सहसा गाळली जाते. 1864च्या कँटोन्मेंट कायद्यानं छावण्यांमधल्या वेश्याव्यवसायावर सरकारी देखरेख आणली. गोऱ्या शिपायांसाठी असलेल्या वस्त्यांना लाल बाजार म्हणत. तिथल्या बायकांची नोंदणी व्हायची, ठरावीक दिवसांनी डॉक्टरी तपासणी व्हायची आणि रोग आढळला तर त्यांना 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या इस्पितळात डांबलं जायचं. शिपायांची अशी तपासणी होत नसे. लॉक हॉस्पिटलात बंद केलेली बाई किती दिवस वाट बघायची, कशी बघायची, तिचं डोकं ठिकाणावर राहायचं का? तिच्यासाठी कुठल्याच भाषेत शब्द तयार झाला नाही. तिनं आठवणींचं पुस्तकही लिहिलं नाही.

परत शब्दाकडे. या शिपायांच्या भाषेत देवळालीचं दुसरं टोक होतं 'ब्लायटी'. ब्लायटी म्हणजे विलायत, घर. 'विलायती'चं उर्दूतलं रूप बिलायती, आणि त्याचं टॉमीच्या तोंडातलं ब्लायटी. म्हणजे गडी आपल्याच शब्दात घरची आठवण काढायचा आणि आपल्याच शब्दात वेडा व्हायचा.

पहिल्या महायुद्धात हे जुने शिपाई फ्रान्सच्या खंदकांत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्द नव्या भरतीच्या पोरांकडे गेले. तोफांच्या माऱ्यानं थरथरणारी, मुकी झालेली, झोप उडालेली माणसं तिथं हजारोंनी होती. डॉक्टर चार्ल्स मायर्सनं 1915मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द आणला. खंदकातल्या टॉमीकडे त्याच्या आधीपासून स्वतःचा शब्द होता, घाटावरून आलेला. युद्धानंतर 1925मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी शिपाई-खलाशांच्या बोलीचा कोश काढला. त्यात 'देवळाली टॅप' हे वेड्यासाठीचे जुने लष्करी शब्द म्हणून नोंदवलेले आहेत. कोशात शिरलेला शब्द मग बराकीबाहेर पडला. वाटेत कुठंतरी 'टॅप' गळून गेला. ताप उतरला, गाव तेवढं राहिलं.

इंग्रजीला वेडाचे शब्द बाहेरून आणायची सवयच आहे. 'अमोक' मलायातून, 'बर्सर्क' उत्तरेच्या नॉर्स योद्ध्यांकडून, 'मेनिया' ग्रीकांकडून. 'बेडलॅम', म्हणजे प्रचंड गोंधळ, हा मात्र घरचा : लंडनच्या बेथलेम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळाचा अपभ्रंश. या सगळ्या शब्दांचा प्रवास एकाच दिशेनं होतो. आधी आजार, मग शिवी, मग चेष्टा, आणि शेवटी पार्टीतल्या उत्साहाचं कौतुक. आपलाही 'हर्षवायू' पाहा की. तो बोलून चालून वातविकार आहे, पण आपण वापरतो तो पोराला परदेशी ॲडमिशन मिळाली म्हणून आईला झालेल्या आनंदासाठी.

डूलॅलीची चेष्टा होण्यात दुसऱ्या महायुद्धाचा हात मोठा. तेव्हा देवळाली तोफखान्याचं मोठं ठाणं झालं होतं. जिमी पेरी नावाचा तरुण तिथं तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. पुढं तो बीबीसीसाठी लिहू लागला आणि 1974मध्ये त्या आठवणींवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका आली. ती 1981पर्यंत चालली. सुरुवातीच्या भागांतली छावणी देवळालीचीच. तिच्यातला हिंदुस्थानी नोकर रंगी राम साकारला होता तो चेहऱ्याला रंग फासलेल्या मायकेल बेट्सनं. हा गोरा नट मूळचा झाशीत जन्मलेला, हे आणखी एक.

पण मला त्याच्यापेक्षा स्पाइक मिलिगन जवळचा वाटतो, आणि तो तर अर्धा आपल्या पुण्याचा. जन्म 1918चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश तोफखान्यात. बालपण पुण्याच्या लष्करात गेलं, पुढं रंगूनला. मोठा झाल्यावर स्वतः तोफखान्यात शिपाई झाला. जानेवारी 1944मध्ये इटलीत मोंते कसिनोच्या लढाईत जखमी झाला आणि त्या धक्क्यातून त्याचं मन पुरतं सावरलं नाही. 1951मध्ये बीबीसी रेडिओवर त्याचा 'गून शो' सुरू झाला आणि अख्खं ब्रिटन खुळावलं. त्या वेड्यावाकड्या विनोदावर पुढं मॉन्टी पायथनसारखी मंडळी वाढली. तो कार्यक्रम लिहिताना मिलिगन वारंवार कोसळत होता, इस्पितळात जात होता. त्याला बायपोलर आजार होता. 1993मध्ये त्यानं मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत नैराश्यावर पुस्तकही लिहिलं, नाव लपवून वगैरे नाही, स्वतःच्या नावानं. लोकांना डूलॅली करून हसवणारा माणूस खरोखरीचा डूलॅली टॅप अंगात घेऊन जगत होता आणि ते सांगत होता. विनोदी लेखकांमध्ये हे धाडस दुर्मीळ.

आपल्याकडे देवळालीचं काम पुण्यातलं एक नाव करतं. येरवडा. 'तुला येरवड्याला भरती करायला हवं', हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस भेटणं अवघड. येरवड्यात गांधीजी तुरुंगात होते, 1932चा पुणे करार तिथं झाला, आज तिथं आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. पण बोलीत येरवडा म्हणजे मनोरुग्णालय. ठाण्याचंही तसंच. उत्तरेकडे हेच काम आग्रा आणि रांची करतात.

नाशिकरोडला आमच्या घरात यासाठी आणखी सौम्य शब्द होता : 'पुण्याला'. माझा मधला मामा 'पुण्याला' होता. मी दुसरी-तिसरीत असेन. तो तिकडे नोकरीला आहे असं शेजाऱ्यांना सांगितलेलं. खरं म्हणजे तो एका दवाखान्यात होता. त्याला माणसं आपल्याबद्दल बोलताहेत असं वाटायचं, रात्ररात्र झोप लागायची नाही. औषधांनी तो सुधारला. हे मला पुष्कळ वर्षांनी आईनं भांडी घासता घासता सांगितलं. त्यातली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती अशी : डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितल्यावर त्याला आणायला आठ महिने कोणी गेलं नाही. धाकट्या मामाचं लग्न जमत होतं. मुलीकडच्यांना कळलं तर काय, म्हणून थांबले. साखरपुडा झाला, लग्न झालं, सत्यनारायण झाला, आणि मग आजोबा एसटीनं पुण्याला गेले. मामा सामान बांधून बसलेला होता. ते सामान त्यानं कधी बांधलं होतं, हे विचारायची आजोबांची हिंमत झाली नाही.

मुदत संपलेला माणूस, कागदोपत्री सुटलेला, जहाजाची वाट बघत. रिचर्ड्सचं पुस्तक वाचताना मला देवळालीच्या बराकीत मामा दिसायला लागतो, त्याला काय करू?

आणि तो एकटा नव्हता. आपल्या देशातल्या मनोरुग्णालयांमध्ये बरी होऊनही केवळ घरचे नेत नाहीत म्हणून राहिलेली माणसं ही इतकी जुनी अडचण आहे की ती कायद्यात लिहावी लागली. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं, की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणानं कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. अशा लोकांसाठी राज्यांनी मधल्या टप्प्याची घरं उभारावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात खटलाही चालला. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण त्या कलमामागे सामान बांधून बसलेली माणसं आहेत.

देवळालीतल्या वाट बघण्याचा शेवट तरी इतिहासात नोंदवलेला आहे. जानेवारी 1946मध्ये, युद्ध संपून काही महिने उलटले तरी घरी पाठवत नाहीत म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या हिंदुस्थानातल्या शिपायांनी चक्क संप केला. सुरुवात कराचीला झाली आणि लोण श्रीलंका, सिंगापूरपर्यंत गेलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत हिंदी नाविकांचं बंड झालं. गोऱ्यांनी आपल्याच सरकारला विचारलेला 'आम्ही घरी कधी जाणार?' हा प्रश्न आपल्या शाळेच्या पुस्तकात नसतो. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी गेटवेतून बाहेर पडली. हिंदुस्थानातली शेवटची ब्रिटिश पलटण ती.

मागच्या हिवाळ्यात मी देवळाली कॅम्पला गेलो होतो. बराकींच्या जागी आता भारतीय लष्कराचं तोफखान्याचं विद्यालय आहे, लॅम रोडवर खाऊच्या दुकानांना तशीच गर्दी असते. एका जुन्या दुकानात चिवडा घेताना मी मालकांना विचारलं, काका, इंग्रजीत देवळाली म्हणजे वेडं होणं, हे तुम्ही ऐकलंय का? त्यांनी तराजूतून मान वर केली. "वेडं?" ते म्हणाले. "अहो, इथं तर लोक बरे व्हायला येतात." आणि मग एका हातानं पुडा बांधत, दुसऱ्या हाताच्या बोटांवर त्यांनी मला जवळपासची सॅनटोरियमं मोजून दाखवली. पारशांचं, गुजराथ्यांचं, अमक्या शेटजींनी बांधलेलं. बोटं संपली तेव्हा म्हणाले, "हवा आहे ना इथली, ती खरी. पाव किलो झाला, अजून घालू?"